पुढून पांढरी शेळी

शेळीला रंग मारलेला मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तो पेण तालुक्यातल्या हमरापुरात. मी माणदेशातली. शेळ्यामेंढ्यांची डॉक्टर म्हणून माझी सगळी नोकरी तिकडच्या धुळीत गेली. खरजेवर लोक काय काय लावतात ते मी बघत आले आहे. तंबाखूचं पाणी, गाडीचं जळकं ऑइल, रॉकेल, एकदा तर बुटाचं पॉलिश. प्रत्येक वेळी मी भांडले आहे. पण त्या लोकांना निदान शेळी बरी व्हावी असं वाटत होतं. हमरापुरात शेळी बरी दिसावी असं वाटत होतं, आणि हा फरक आठवला की माझं डोकं अजून तापतं.

पेण

मी निघाले ती सुनंदाच्या फोनमुळे. सुनंदा माझी मावसबहीण. लग्न होऊन रोह्याशेजारच्या वरशाला गेली आणि बोलण्याचालण्याने पुरती तिकडची झाली. तिची मुलगी वैशाली हमरापुरात दिली आहे, गणपती करणाऱ्या घरात.

"वैशूच्या हातांना काय झालंय कळत नाय गो," सुनंदा म्हणाली. "डॉक्टर बोलले रंगाची अ‍ॅलर्जी हाय. आणि तिची ती दुधाची बकरी, ती पण खाजवून खाजवून अर्धी झालीय. तू बकरीला तरी येऊन बघ."

ही दोन वाक्यं तिने एका श्वासात सांगितली आणि तिला त्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसला नाही. मला तो फोनवरच दिसला. दिवसातून दोनदा शेळीच्या कासेखाली हात घालणाऱ्या बाईला खाज सुटते, आणि डॉक्टर रंगाच्या डब्याकडे बोट दाखवतो. घरात जनावर आहे का, एवढंही त्याने विचारलं नव्हतं.

वैशालीच्या हातांचं महत्त्व आधी सांगायला हवं. ती आखणी करते, म्हणजे गणपतीचे डोळे काढते. साचा, घासकाम, अंगाचा रंग ही कामं कुणीही शिकतं. डोळे मात्र एकाच माणसाच्या हातचे लागतात. लग्न होऊन आल्यावर दोनच हंगामांत ती जागा तिची झाली. व्यापारी तिच्या हातचे डोळे मागून घेतात. आता हात खाजेने थांबत नव्हते, ब्रश हलत होता, म्हणून दिराने बाहेरून एक आखणीवाला आणून तिच्या पाटावर बसवला होता. वैशालीला स्वयंपाकघरात धाडलं होतं. एकदा गेलेली जागा परत मिळत नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मी गंधक आणि चुना उकळून केलेलं औषध कॅनमध्ये भरून बरोबर घेतलं. दुभत्या शेळीला ते चालतं. फक्त त्याला नासक्या अंड्याचा वास येतो. कॅनचं झाकण सैल होतं हे मला एसटीत बसल्यावर कळलं. पुढच्या सीटवरची माणसं एकमेकांकडे संशयाने बघू लागली. शेवटी कंडक्टर नाकाला रुमाल लावून आला.

"बाई, त्यात काय मेलंय का?"

"अजून नाही," मी म्हटलं. "मारायलाच चालले आहे."

पेणच्या स्टँडवर वैशाली घ्यायला आली होती. वैशाखाच्या उन्हात, जिथे माणसाला स्वतःची कातडीसुद्धा जड वाटावी, तिथे ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालून उभी होती. मी बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुटकुळ्या आणि नखांचे ओरखडे होते.

"मावशी, इथे नको," ती म्हणाली आणि बाही खाली ओढली. मग काही न झाल्यासारखं मला बाजारात घेऊन गेली, पोह्याचे पापड घ्यायला. पेणला आलेल्या पाहुण्याला पापडांशिवाय सोडत नाहीत, आणि ते परत जाताना घ्यावेत असं माझं म्हणणं इथे कुणी ऐकत नाही.

हमरापूर

आमच्याकडे गावात शिरताना आधी देऊळ दिसतं आणि मग घरं. हमरापुरात घराघरांतून देवच बाहेर डोकावत असतो. ओसरीवर, पडवीत, अंगणात, ताडपत्रीखाली, गणपतीच गणपती. पांढरेफटक, सगळे रस्त्याकडे तोंड करून बसलेले आणि एकालाही डोळे नाहीत. पहिल्यांदा बघणाऱ्याला जरा दडपायला होतं. मी कॅन सांभाळत त्यांच्यामधून आडवी चालले, तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पाठींकडे गेलं. पुढून पितांबराच्या निऱ्यासुद्धा मोजून घ्याव्यात अशा, आणि पाठीवर नुसता रंगाचा एक फवारा.

वैशालीचा दीर महेश कारखाना चालवतो. तिचा नवरा कंपनीत शिफ्टला असतो, त्यामुळे घरात शब्द महेशचाच. माणूस हसतमुख आहे, ते मला आणखी खटकलं.

"पाठीला एवढंच?" मी विचारलं.

"मखरात बसल्यावर पाठ कोण बघतंय, मावशी?"

मी ते ऐकून सोडून दिलं. माझा विषय शेळ्या होता. कारखान्याला लागूनच कुडाचा गोठा होता, मधे फक्त माडाच्या झापांची एक भिंत. आत चार शेळ्या होत्या आणि सर्वांत पुढे, रस्त्यावरून दिसेल अशी, वैशालीची ती दुधाची शेळी कवडी बांधलेली होती. उंच, पांढरी, भरल्या कासेची. मला वाटलं, ही तर ठीक दिसतेय. जवळ जाऊन कान हातात घेतला तर तो कडक लागला. मी बोट फिरवलं आणि बोट पांढरं झालं.

"हे काय आहे?"

"व्यापारी येतात ना," महेश म्हणाला. "पहिली तीच दिसते. कानाचे, तोंडाचे केस गेलेले, खराब दिसत होती. म्हणून जरा टच-अप मारला."

"शेळीला?"

"आधी प्रायमर मारलाय. त्याशिवाय रंग धरत नाय."

 तेव्हाच तोंड उघडलं असतं तर तो गाव माझ्या लक्षात राहण्याऐवजी मीच त्या गावाच्या लक्षात राहिले असते. मी कवडीला दाव्याला धरून उलटी फिरवली. मागे रंग नव्हता. मांड्यांच्या आत, पोटाखाली, कासेच्या वर कातडी जाड होऊन तिला भेगा पडल्या होत्या आणि त्यांवर खपल्या धरल्या होत्या. माझा हात लागताच ती मागचा पाय झाडू लागली आणि कुडाला अंग घासायला धावली. त्या कुडावर तिच्या केसांचे पुंजके चिकटलेले होते.

"इंजेक्शन दिलंय परवाच," महेश मागून म्हणाला. "पुढच्या दोघींना. मागच्या दोघी खाजवत नव्हत्या."

मागच्या दोघी मी तपासल्या. त्याही खाजवत होत्या, फक्त त्या रस्त्यावरून दिसत नव्हत्या.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. मी कप तोंडाला लावणार तोच विचारलं, "दूध कुठलं?"

"कवडीचं. घट्ट असतं अगदी."

मी कप खाली ठेवला. आणि मग मात्र माझा तोल गेला. इंजेक्शनचं औषध दुधात उतरतं, ते दूध बरेच दिवस टाकून द्यायचं असतं, हे सुई टोचणाऱ्याने सांगितलं नाही का? आणि चारांतल्या दोघींनाच टोचून काय उपयोग, खरूज काय दोघींपाशी थांबून दुसऱ्या दोघींची वाट बघते? आणि घरच्या सुनेचे हात सोलून निघालेत, ती रोज याच शेळीची धार काढते, हे एवढ्या माणसांत एकालाही दिसलं नाही? मी मोठ्याने बोलत होते. शेजारच्या कारखान्यातली घासकामाची घरघर थांबली. नवा आखणीवाला वैशालीच्या पाटावर ब्रश हवेत धरून बसून राहिला.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "गो बाय, भात झालाय," त्या म्हणाल्या. "आधी जेव, मंग भांड."

आमच्याकडे रागावलेला पाहुणा जेवत नाही आणि यजमानही दोनदाच आग्रह करतो. इथे माझ्यापुढे ताट आलंसुद्धा. भात, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट. मी जेवले. बिरडं इतकं चांगलं होतं की माझा राग ते संपेपर्यंत बाजूला बसून राहिला. नंतर परत आला.

पुन्हा पेण, एका सकाळपुरतं

खरूजच आहे याची मला खात्री होती, पण महेशला नव्हती. म्हणून मी कवडीच्या मांडीवरची खपली पात्याने, जरासं रक्त दिसेपर्यंत खरवडून घेतली आणि वैशालीला घेऊन पेणमधल्या माझ्या एका ओळखीच्या डॉक्टरकडे गेले. त्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली किडा सापडायला वेळ लागला नाही. वैशालीने डोळा लावला आणि बराच वेळ उचलला नाही.

"गोल हाय," ती म्हणाली. "पुढचे पाय दिसतात. मागचे पोटाखाली लपलेत. हलतोय, मावशी."

मग तिने टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने तो काढला. हाताला खाज होती तरी रेघ हलली नाही, कारण तिने श्वास रोखून धरला होता. काढून झाल्यावर ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे रंगाचा दोष नाय ना?"

"नाही."

"मी रंग सोडला होता. हळदीकुंकवाला पण हात लावत नव्हते."

मला तिथेच कुणाच्या तरी अंगावर ओरडायचं होतं, पण समोर होता तो भला माणूस होता आणि सूक्ष्मदर्शक त्याचा होता.

हमरापूरला परतून मी सांगितलं, चारही शेळ्यांना एकाच दिवशी औषध, दर आठवड्याला, कातडी स्वच्छ होईपर्यंत. गोठा रिकामा करून लेंड्या, जुना चारा जाळायचा. कुडाला आतून-बाहेरून चुना मारायचा. महेशने एकच प्रश्न विचारला.

"तुमचं ते पाणी सोनेरीवर उडालं तर?"

त्याने फुटक्या मुकुटाचा एक तुकडा आणून दिला. मी त्यावर औषधाचे थेंब टाकले. दुपारपर्यंत सोनेरी रंग काळा पडला. माझ्या बोटातली चांदीची अंगठी तर आदल्या दिवशीच काळी झाली होती. गंधकच तो, आणि मधे नुसती झापांची भिंत. एवढं मात्र त्याचं बरोबर होतं आणि मी तसं म्हणाले. मला ते म्हणताना आवडलं नाही.

"मग बकऱ्या न्या कुठे तरी," तो म्हणाला. "गोठ्याचं मी बघतो."

कुठे न्यायच्या ते वैशालीने ठरवलं. "माझ्या आईकडे. वरशाला."

"बकऱ्या जाऊ दे. तू कशाला?" महेश म्हणाला. "घरात काम हाय."

वैशालीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "आठवड्याला औषध कोण लावणार? आई एकटी? आणि हातांनी माझ्या इथे काय होतंय? पाटावर तर माणूस बसवलाय तुम्ही."

त्यावर सासूबाईंनी महेशकडे पाहिलं आणि महेशने टेम्पोवाल्याला फोन लावला.

वरसे

टेम्पो गणपती पोचवणारा होता. ड्रायव्हरने सवयीने तळाला पेंढा अंथरला, शेळ्यांच्या मधे मधे पोती खोचली आणि दोऱ्या अशा बांधल्या की एकीचा धक्का दुसरीला लागू नये. खड्डा आला की तो गाडी उचलून ठेवावी तशी चालवायचा. माझ्या चाळीसेक वर्षांत शेळ्यांचा इतका मानाचा प्रवास मी पाहिलेला नाही. रोह्यातून अष्टमीच्या पुलावर आलो तेव्हा खाली कुंडलिका उन्हात चकाकत होती आणि कवडीने हौद्याच्या फळीवरून मान बाहेर काढली होती. वरसे अलीकडेच, तरी काकडीसाठी पूल ओलांडून पलीकडे थांबलो. काकडीवाली बाई म्हणाली, "पांढरीफेक हाय गो बकरी. कुठची?" वैशाली आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि त्या सगळ्या प्रवासात पहिल्यांदा हसलो. मग तसंच मागे वळून पुन्हा पूल ओलांडला आणि वरशाचा रस्ता धरला.

वरसे आता गाव राहिलेलं नाही. सुनंदाचं कौलारू घर दोन इमारतींच्या मधे अंग चोरून उभं आहे. शेळ्या उतरताच वरच्या बाल्कनीतून एका बाईंनी विचारलं, इथे बकऱ्या ठेवणार का, वास येईल. सुनंदा कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाली, "तुमची बिल्डिंग यायच्या आधी इथे म्हशी होत्या माझ्या. तेव्हा तुम्ही वास घ्यायला नव्हतात." बाल्कनीचं दार बंद झालं. खरा वास तर अजून कॅनमध्येच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, आम्ही अंगणात बसलो. आधी साबणाच्या कोमट पाण्याने खपल्या भिजवून मऊ केल्या. कवडीच्या तोंडावरचा रंग काढायला सर्वांत जास्त वेळ लागला. प्रायमर खरोखरच चांगला धरला होता. त्याखाली कान लालभडक निघाले, तेव्हा सुनंदाने उठून आणखी कोमट पाणी आणलं. मग हातमोजे घालून मी औषध पाण्यात कालवलं आणि वैशालीला दाखवलं, जिथे दिसत नाही तिथून सुरुवात कर. शेपटीखाली, जांघेत, खुरांच्या बेचक्यात. तोंड शेवटी, डोळे सांभाळून.

तिने माझ्या हातातलं फडकं बाजूला ठेवलं आणि पिशवीतून रुंद ब्रश काढला.

"पाठ आधी," ती म्हणाली, स्वतःशीच.

आमच्याकडे डोंगरातला मेंढपाळ कळपाला औषधाच्या हौदातून पळवतो आणि मोकळा होतो. वैशालीने एकेक शेळी एखाद्या मोठ्या मूर्तीसारखी पुरी केली. केसांच्या उलट्या दिशेने, मग सुलट्या, एक बोटभर जागा सुटली नाही. शेळ्या पिवळ्याधमक झाल्या, अंगण नासक्या अंड्यांनी भरून गेलं आणि सुनंदाची पायातली जोडवी काळी पडली. मी आधी काढायला सांगितली होती. तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी मी वैशालीला रोह्यातल्या एका कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने हात पाहिले आणि विचारलं, "घरी जनावरं आहेत का?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होते. किती लहान प्रश्न होता तो. आधीच कुणी विचारला असता तर ही बाई उन्हाळाभर पाटावर बसून डोळे काढत असती. शेळ्या बऱ्या झाल्या आणि सांगितलेलं मलम लावलं की हात पूर्ववत होतील, डॉक्टर म्हणाली. वैशालीने तिला दोनदा विचारलं, "रंग चालेल ना?" दोन्ही वेळा ती हो म्हणाली.

घरी

मी माणला परतले. पापड वाटून टाकले. अंगठी राखेने घासून पांढरी केली. कवडीचे फोटो येत राहिले. तिसऱ्या खेपेला लावलेल्या औषधानंतर तिच्या मांडीवर बारीक लव दिसू लागली. वैशालीच्या हातांचा फोटो मी मागून घेतला. ओरखडे पुसट झाले होते.

मग सुनंदाचा फोन आला. महेश स्वतः वरशाला आला होता. नव्या माणसाचे डोळे व्यापाऱ्यांना पसंत पडत नव्हते. एकाने तर म्हटलं म्हणे, गणपती झोपेतून उठवल्यासारखे दिसतात. महेश ओटीवर बसून चहा प्यायला आणि म्हणाला, वैशू, चल आता, पाट तुझाच हाय.

"मग?" मी विचारलं.

"ती बोलली, पाट माझा हाय तर बकऱ्या पण माझ्या हायत. गोठ्याला चुना मारा, आत-बाहेर. मग येते. पाऊस लागला की बकऱ्या आतच राहणार, पुन्हा तेच होणार."

दोनच दिवसांत महेशचा फोटो आला. गोठा पांढराशुभ्र दिसत होता. दाराला वर सोनेरी पट्टासुद्धा ओढला होता. सुनंदाने तो मला कौतुकाने पाठवला. मी तो बराच वेळ बघत राहिले, पण फोटोत कुणालाही पुढूनच दिसतं. त्याने चुना मारला तो डोळ्यांसाठी, गणपतीच्या. तिच्या हातांसाठी आणि शेळ्यांसाठी त्याने चुन्याची पुडी फोडली नसती. हा राग माझा अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

त्यानंतरच्या दुपारी, शेळ्या घेऊन हमरापूरला निघालेल्या वैशालीचा फोन आला. मागे टेम्पोची घरघर आणि शेळ्यांचं ओरडणं ऐकू येत होतं.

"पोचलीस का गं?"

"पोचले होते, मावशी. टेम्पो दारात लावला. मी एकटीच उतरले नि गोठ्याच्या मागे गेले. फोटोत दिसतो तेवढाच चुना हाय. मागून कूड तसाच. आत लेंड्या तशाच. कवडीचे केस पण तसेच चिकटलेत."

"मग?"

"मग काय. बकऱ्या उतरवल्याच नाय. ड्रायव्हरला बोलले, फिरव गाडी."

"आता कुठे आहेस?"

"रोह्यात शिरलोय. वरशाला परत. दिरांचा फोन येतोय मघापासून, सारखा वाजतोय. तुझं बोलणं झालं की घेते."

मी खुर्ची ओढून घेतली आणि नीट टेकून बसले. मग तिला चारही शेळ्यांची खुशाली विचारली. एकेकीची, शेपटीपासून.